गिरिराज पिल्लं: पहिला दाणा लवकर दिला तर छाती कशी भरते

मार्चच्या खेपेची गिरिराज (कोंबडीची एक जात) पिल्लं आठवड्याची झाली, म्हणून नोंद टाकतोय. या वेळी लक्ष एकाच गोष्टीवर आहे: अंड्यातून निघाल्यावर पहिला दाणा किती लवकर पोटात जातो.

काटोलकडचे आमचे काकाजी म्हणतात, "पोटात बलक असते ना त्याईच्या, दोन दिवस काई नाई लागत." जगण्यापुरतं ते खरं आहे. त्याच बलकाच्या भरवशावर हॅचरीची (अंडी उबवणी केंद्राची) पिल्लं खोक्यात बसून लांबचा प्रवास करतात. पण तगणं वेगळं आणि अंग धरणं वेगळं.

पिल्लू बाहेर येतं तेव्हा स्नायूंच्या तंतूंची संख्या जवळपास ठरलेली असते. पुढे ते तंतू फक्त जाड होतात. त्यासाठी तंतूला चिकटून बसलेल्या सॅटेलाइट पेशी विभागाव्या लागतात आणि तंतूत मिसळाव्या लागतात. त्यांची ही धावपळ पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जोरात असते. इस्रायलमधल्या ओर्ना हालेवी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की सुरुवातीचे दोन दिवस उपाशी ठेवलेल्या पिल्लांत या पेशी कमी वाढतात आणि नंतर पोटभर खाऊनही छाती मागे राहते. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं: ती वेळ परत येत नाही.

शिवाय बलकात मेद आणि प्रथिनं भरपूर, पण साखर जवळपास नाहीच. उपाशी पिल्लू मग स्वतःच्या स्नायूतलं प्रथिन मोडून साखर बनवतं. उलट दाणा खाल्ला की आतडं हलायला लागतं आणि बलकही लवकर वापरला जातो. म्हणून "आधी बलक संपू दे" हे मला पटत नाही.

अंडी उबवायच्या मशीनमध्ये पहिलं आणि शेवटचं पिल्लू यांत एखाद-दीड दिवसाचं अंतर सहज पडतं. शेवटच्यासाठी पहिल्याला थांबवत नाही. वाळलेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ काढून घेतो. झाकण उघडायच्या आधी आत कोमट पाण्याने भिजवलेला स्पंज ठेवतो, नाहीतर दमटपणा कमी होऊन पिल्लाने आतून टोचलेल्या अंड्यातला पापुद्रा सुकतो आणि पिल्लू अडकतं.

ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब द्यायच्या जागेत) ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब, खाली तागाचं पोतं (गुळगुळीत कागदावर पाय फाकतात), त्यावर प्री-स्टार्टर (पिल्लांचा अगदी पहिला दाणा) पसरलेलं. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवतो. रात्री गळ्याखालची पिशवी चाचपायची: लापशीसारखी मऊ लागली तर ठीक, कडक लागली तर पाणी कमी पडतंय, रिकामी असेल तर आधी ऊब तपासायची. नागपूरच्या मार्चमध्ये दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो. धापणारं पिल्लू दाण्याकडे बघतही नाही.

या खेपेत पिल्लं एकसारखी दिसतात आणि छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजू बोटाला भरलेल्या लागतात. मागची खेप हिवाळ्यातली होती, त्यामुळे सगळं श्रेय लवकर दिलेल्या दाण्याला देत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा वजन करणार आहे.

तुमच्याकडे अशा नोंदी असतील तर पिल्लाच्या वजनासोबत अंड्याचं वजनही लिहा. पिल्लू अंड्याच्या साधारण दोन-तृतीयांश वजनाचं निघतं. अंड्याचं वजन हिशेबात धरल्याशिवाय तुलना जमणार नाही.