श्रीरामपूरचे खिळे

मी मोडी वाचते. म्हणजे पोटापाण्याचं कामच ते, जमिनीचे जुने दस्त, खरेदीखतं, वतनाचे कागद घेऊन लोक येतात आणि मी लिप्यंतर करून देते. गेल्या हिवाळ्यात जरा वेगळं काम आलं. मोडीचा फॉन्ट करणाऱ्या एका टीमला अक्षरं तपासून हवी होती आणि नमुना म्हणून त्यांनी विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याच्या १८१० च्या मराठी कोशाची स्कॅन पानं पाठवली. त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेत. मी पानं बघितली आणि लाल पेनने लिहून टाकलं, "अक्षरं ताठ, वळण नाही, हात तुटलेला. नमुना म्हणून निरुपयोगी."

नंतर त्याच कामाच्या मीटिंगसाठी कोलकात्याला जायचं होतं. एक दिवस हातात होता, म्हटलं कोश जिथे छापला ते गाव तरी बघून येऊ.

हावड्याहून लोकल पकडली, लिलुआ, बाली, उत्तरपाडा, कोन्नगर, रिशडा करत अर्ध्यापाऊण तासात श्रीरामपूर. स्टेशनबाहेर टोटोवाले, म्हणजे बॅटरी रिक्षावाले, मागे लागले पण मला चालायचंच होतं. बाजाराच्या गर्दीतून नदीकडे निघालं की मधेच सेंट ओलाव्ह चर्चचा मनोरा दिसतो, १८०६ चं चर्च, दर्शनी भागावर डेन्मार्कच्या राजाची मोहर. हे गाव इंग्रजांचं नव्हतंच ना, १७५५ पासून १८४५ पर्यंत डेनिश लोकांचं, नाव फ्रेडरिक्सनगर. म्हणूनच तर केरी इथे आला, ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या मुलखात मिशनरी नको होते आणि इथे डेनिश झेंड्याखाली कुणी हात लावू शकत नव्हतं. १८०० मध्ये छापखाना सुरू झाला आणि १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापून तयार! केरी जन्मात कधी महाराष्ट्रात आला नाही, त्याला मराठी शिकवली वैजनाथ पंडितांनी. आणखी एक गोष्ट चालताना सारखी डोक्यात होती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४० च्या दशकात हाच मुलूख लुटला, बंगाली आया अजून बाळाला बर्गी, म्हणजे मराठा स्वार, आले म्हणून निजवतात, आणि त्याच भोसल्यांची वंशावळ पुढे याच गावात मोडीत छापली गेली. मला त्या रस्त्यावर मराठी म्हणून चालताना थोडं अवघडल्यासारखं झालं, खरं सांगते.

नदीकाठच्या रस्त्याला लागलं की हुगळी एकदम समोर येते, रुंद, मातकट, पलीकडे बराकपूर. डेन्मार्क टॅव्हर्न आता दुरुस्त करून कॅफे केलाय, तिथे न थांबता पुढे केरीच्या श्रीरामपूर कॉलेजपर्यंत गेले. जाडजूड खांबांची इमारत, डेन्मार्कच्या राजाने भेट दिलेला लोखंडी जिना. छान आहे, पण माझं मन छापखान्यातच होतं.

घाटाच्या पायरीवर बसून मोबाईलवर तीच स्कॅन पानं पुन्हा उघडली. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, बोरू शक्यतो उचलायचाच नाही, काना खालून वळून वर जातो आणि पुढच्या अक्षराला धरतो. आता हे शिशाच्या खिळ्यात, म्हणजे छपाईच्या सुट्या टाइपात, कसं आणणार? प्रत्येक खिळा सुटा, अक्षर सहसा त्याच्या चौकोनाबाहेर जात नाही. आधी पोलादाच्या कांडीवर उलटं अक्षर कोरून ठसा करायचा, तो तांब्यावर ठोकायचा, त्या साच्यात शिसं ओतायचं. हे करणारे पंचानन कर्मकार आणि त्यांच्यानंतर जावई मनोहर, बंगाली कारागीर, आणि कोरायचं काय तर आपली धावती लिपी. ११ मार्च १८१२ ला छापखाना जळला, कागद, हस्तलिखितं, टाइप सगळं गेलं, पण राखेखाली पोलादी ठसे शाबूत सापडले, वितळलेलं शिसं गोळा करून त्यांनी लगेच पुन्हा खिळे पाडायला घेतले.

मग मी पर्समधून वही काढली आणि कोशातलाच एक शब्द पेनने लिहून बघितला, जिथे जिथे माझा हात जोडून गेला तिथे तिथे छापील पानावर बारीक फट होती. बरोब्बर खिळ्याची कड! हात तुटलेला नव्हता, धातू संपला होता. ते लाल पेनने लिहिलेलं आठवून फार वाईट वाटलं.

शेजारचे चहावाले काका वाकून बघत होते, कुठली लिपी म्हणाले. मराठी, पण जुनी, याच गावात छापलेली, असं हिंदीत सांगितलं. त्यांनी वही हातात घेतली, बराच वेळ बघितली, आणि नेहमीच्या मातीच्या कपाऐवजी मोठ्या कपात चहा दिला.

तिथूनच फॉन्टच्या टीममधल्या डिझायनर मुलीला फोन लावला. म्हटलं, अगं रिपोर्टमधलं ते निरुपयोगी वाक्य आधी काढ. सुट्या अक्षराचं अंग आणि जाडी त्या कारागिरांकडूनच घे, जोड मात्र आपण हाताचे करू, आपल्याला खिळ्याची कड नाहीये. मंगळवारपर्यंत सगळी बाराखडी बोरूने लिहून पाठवते.