भाऊबीज फातोर्ड्याला, फायनल नेरुळला

2022 साली पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी होती, 26 ऑक्टोबरला. त्याच दिवशी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर मुलींच्या 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाच्या दोन्ही सेमीफायनल. दादा मडगावला राहतो. ओवाळणी आणि मॅच एकाच फेरीत जमत असतील तर आणखी काय हवं, म्हणून मी मांडवी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन करून टाकलं.

ऑफिसात ज्याला त्याला एकच प्रश्न पडला होता, "आपण तर कधीच बाहेर पडलो ना?" पडलो होतो. भारताच्या तिन्ही मॅच भुवनेश्वरला झाल्या: अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला आणि एकही गोल न करता स्पर्धा संपली. पण घरापासून एका रात्रीच्या अंतरावर जगातल्या चार सर्वोत्तम टीम खेळणार आणि तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त, तर जायचं नाही हे मला पटेना.

गाडी ठाण्याहून सुटली ती आपल्या चालीने. 2022 मध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक 31 ऑक्टोबरपर्यंत होतं, त्यामुळे पाऊस सरला तरी गाड्या मात्र श्रावणातच होत्या. मांडवीत खाण्याची कधी ददात नसते, पण ती 25 तारीख होती. संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण. दुपारपासून डब्यातल्या निम्म्या लोकांनी खाणं बंद केलं. समोरच्या काकूंनी लाडवांच्या डब्यात तुळशीची पानं टाकून तो वर बॅगेत ठेवून दिला आणि उरलेल्या निम्म्यांकडे, म्हणजे माझ्यासारख्या वडापाव खाणाऱ्यांकडे, थोड्या कीव आल्यासारख्या बघत बसल्या. सिंधुदुर्गात शिरलो तेव्हा पश्चिमेच्या खिडक्यांशी गर्दी झाली. एका आजोबांनी एक्स-रेची फिल्म आणली होती. डोळ्यांचे डॉक्टर तसं बघू नका म्हणतात, पण त्यांना सांगणार कोण?

मडगावात उतरून घरी जाताना रस्त्याच्या कडेला नरकासुरांचे सांगाडे दिसत होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळलेले, बांबू आणि तारा तेवढ्या उरलेल्या. वहिनी मडगावची. दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, तिने माझ्यासाठी पुन्हा केले होते, ताकातले आणि नारळाच्या रसातले. जेवताना भाचीने माझा ताबा घेतला. ती तेव्हा 13 वर्षांची, शाळेच्या टीममध्ये बॅक, म्हणजे बचावाला, खेळणारी. स्पर्धेचा सगळा तक्ता तिला पाठ होता. टांझानियाच्या मुलींनी फ्रान्सला हरवलं तेव्हा काय झालं, हे तिने मला आमटीच्या वाटीचा गोल करून दाखवलं. टांझानियाचा कुठलाही संघ फुटबॉलच्या विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ आणि त्या पोरी थेट क्वार्टरफायनलपर्यंत गेल्या.

सकाळी ओवाळलं. दादाने पाकीट दिलं, वर म्हणाला, "यातून पॉपकॉर्न तुझ्याकडून." दुपारी निघालो. स्टेडियम केटीसीच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या, स्टँडपासून चालत जाण्यासारखं आहे. गोव्याने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलंय आणि ते नुसतं कागदावर नाही, हे गेटपाशीच कळतं. शाळांच्या बस, एकसारखे टीशर्ट घातलेल्या पोरी, चर्चमधून थेट आल्यासारखे कडक इस्त्रीतले म्हातारे. भारताच्या मुली 1983 मध्ये आशियाई स्पर्धेत उपविजेत्या होत्या आणि त्या काळी गोव्याची योलांदा डिसोझा देशातल्या बड्या खेळाडूंत गणली जायची, हे त्या म्हाताऱ्यांना कुणी सांगावं लागत नाही. आमच्या मागच्या रांगेतल्या एका अंकलनी तर पहिल्या पाच मिनिटांत मला शिकवणीच लावली. मी बॉलमागे मान फिरवत होते. ते म्हणाले, "बॉल न्हय गो, मनीस पळय." बॉलकडे नको, माणसांकडे बघ.

पहिली मॅच कोलंबिया आणि नायजेरिया. सगळ्यांचे डोळे लिंडा कायसेडोवर. वय 17, पण तिचा प्रवास बघा. 14 व्या वर्षी कोलंबियाच्या व्यावसायिक लीगमध्ये पदार्पण. 15 व्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग, शस्त्रक्रिया, उपचार आणि पुन्हा मैदानात. 2022 च्या जुलैत ती कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेची, फायनल खेळली, थोरल्यांच्या संघातून. ऑगस्टमध्ये 20 वर्षांखालील विश्वचषक आणि ऑक्टोबरमध्ये इथे. नायजेरियाच्या मुलींनी तिला दोघी-दोघींनी धरलं होतं. ती बॉल घ्यायची, थांबायची, समोरची एक पाऊल पुढे आली की दुसऱ्याच बाजूने सटकायची. गोल मात्र होईना.

अंकलचं ऐकून मी मग बॉल सोडून बघू लागले. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे असतो, त्यामुळे उरलेल्या जणी काय करतात ते कधी दिसतच नाही. इथे दिसलं. कोलंबियाची मिडफिल्डर पास यायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघायची. बॉल पायाशी पोचेपर्यंत तिचं ठरलेलं असायचं की पुढे कुठे द्यायचा. पलीकडच्या टोकाची बॅक, जिच्याकडे बॉल येण्याची शक्यताही नव्हती, ती चार पावलं आत सरकून उभी. अमेरिकेविरुद्ध आपण खाल्लेले आठ गोल मी टीव्हीवर बघितले होते आणि आपल्या मुली धावण्यात कमी पडल्या असं म्हणून मोकळी झाले होते. फातोर्ड्यात बसल्यावर ते मत बदललं. आपल्या पोरी कमी धावल्या नाहीत, त्यांना निघायला उशीर होत होता. आणि पुढचं असं आधीच डोक्यात ठरवून ठेवायची सवय कॅम्पमध्ये लागत नाही. ती सामन्यांनी लागते, दर आठवड्याला खेळलेल्या, हरण्या-जिंकण्याला अर्थ असलेल्या सामन्यांनी.

आपल्या मुलींना मिळाला तो कॅम्प. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली कर्णधार अष्टम उरांव, पुण्याची काजोल डिसोझा आणि बाकीच्या जणी महिनोन्महिने एकत्र राहिल्या, स्वीडनचे कोच थॉमस डेनरबी यांच्या हाताखाली शिकल्या, इटली-नॉर्वेला जाऊन आल्या. इटलीविरुद्ध 0-7 झालं तेव्हाच पुढचं चित्र दिसत होतं. अकरा जणींना घासूनपुसून उभं करता येतं, पण समोर खेळायला त्याच वयाच्या आणखी शंभर टीम हव्यात. त्या नव्हत्या.

वर ही स्पर्धा आपल्याकडे होईल की नाही याचाच भरवसा नव्हता. मुळात ती 2020 ची. कोविडमुळे आधी पुढे ढकलली, मग रद्दच झाली, आणि भारताला 2022 चं यजमानपद मिळालं. पण 2020 साठी तयार झालेल्या मुली तोपर्यंत वयात बसेनाशा झाल्या. त्यांची विश्वचषकाची संधी खेळाच्या बाहेरच्याच कारणाने गेली, आणि त्याबद्दल फार कुणी बोललंही नाही. त्यात 2022 च्या ऑगस्टमध्ये बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, भारतीय महासंघाला निलंबित केलं. स्पर्धा हातची गेली असंच वाटलं. 26 ऑगस्टला बंदी उठली आणि 11 ऑक्टोबरला पहिली मॅच. एवढ्या कमी दिवसांत आपल्याकडे लग्नाचा हॉल मिळत नाही.

तर, मॅच 0-0. या वयोगटात जादा वेळ नसतो, थेट पेनल्टी. नायजेरियाने क्वार्टरफायनलला अमेरिकेला पेनल्टीवरच घरी पाठवलं होतं, त्यामुळे आमच्या स्टँडचा कल त्यांच्याकडे. दरेक किकआधी मागून "मार गो बाय!" आणि किक झाली की अंकलचं भाष्य. 6-5. कोलंबियाची गोलकीपर लुइसा आगुदेलो धावत सुटली आणि सगळ्या टीमने तिला खाली पाडलं. फिफाच्या स्पर्धेच्या फायनलला पोचलेला हा कोलंबियाचा पहिलाच संघ, मुलांचे धरून.

दोन मॅचच्या मधल्या वेळात बाहेर येऊन गाड्यावर रस ऑमलेट खाल्लं. ऑमलेटवर कोंबडीचा गरम रस्सा, वर कांदा, सोबत पाव. मॅच बघायला मडगावला गेलात आणि हे न खाता आलात तर मला सांगू नका.

दुसरी मॅच, स्पेन आणि जर्मनी, मला जास्त आवडली आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. शिस्त विरुद्ध शिस्त. स्पेन गतविजेते. 16 वर्षांची विकी लोपेझ मधून खेळत होती आणि बॉल तिच्याकडे गेला की स्टेडियमचा आवाज बदलायचा. 90 मिनिटं जवळजवळ संपली तेव्हा लुसिया कोरालेसने गोल मारला. 1-0. अंकल उठले, "आता घरा" म्हणाले आणि शिट्टी व्हायच्या आधीच निघाले.

दिवाळीची सुट्टी होती, म्हणून भाची माझ्याबरोबर मुंबईला आली. 30 तारखेला रविवार, आणि नवी मुंबईत नेरुळला फायनल. रविवारी हार्बर लाइनवर निघायचं म्हणजे मेगाब्लॉकचा विचार करून निघायचं, म्हणून दुपारीच पोचलो. डी. वाय. पाटील स्टेडियम सायन-पनवेल हायवेला लागून आहे. तिथे लोक जातात ते क्रिकेटला. पण 2017 च्या मुलांच्या 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाच्या काही मॅच आणि 2022 च्या सुरुवातीला महिलांच्या फुटबॉल आशिया चषकाची फायनलही याच मैदानावर झाली होती. फातोर्ड्याच्या मानाने हे स्टेडियम प्रचंड. प्रेक्षक उत्साही होते, पण जाणकार कमी. बॉल उंच उडाला की ओरडायचे. माझ्या भाचीला त्याचा फार राग येत होता.

आधी तिसऱ्या क्रमांकाची मॅच. नायजेरिया 3-0 ने पुढे, आता काय उरलं म्हणून आम्ही वडे आणायला जाणार, तेवढ्यात जर्मनी पेटली. 3-3. पुन्हा पेनल्टी. नायजेरियाची बाद फेरीतली प्रत्येक मॅच पेनल्टीवर गेली, एक जिंकली, एक हरली, ही जिंकली. या विश्वचषकातलं त्यांचं पहिलंच पदक. मुली गवतावर लोळत नाचत होत्या. ब्राँझसाठी इतका आनंद मी याआधी बघितला नव्हता.

फायनल रात्री आठला. स्पेनने साखळीतही कोलंबियाला 1-0 ने हरवलेलं होतं, त्यामुळे कोलंबिया सावध. कायसेडोला मोकळी जागा मिळेना. 82 वं मिनिट. गोलतोंडाशी आलेला बॉल अडवायच्या धडपडीत कोलंबियाच्या आना मारिया गुझमानचा पाय लागला आणि बॉल स्वतःच्याच जाळ्यात. स्पेन 1, कोलंबिया 0. तेवढ्यावर विश्वचषक ठरला.

शेजारची मंडळी हसली. कुणीतरी "अरे, आपल्याच गोलमध्ये!" म्हणालं. भाची त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बॅकला पाय घालावाच लागतो. तिने नसता घातला तर मागची मारणारच होती." आणि पुन्हा मैदानाकडे बघू लागली. ते काका काही बोलले नाहीत.

बक्षीस समारंभाला आम्ही थांबलो. विकी लोपेझला गोल्डन बॉल, स्पेनच्या सोफिया फुएन्तेला सर्वोत्तम गोलकीपरचा मान. गोल्डन बूट जर्मनीच्या लोरीन बेंडरकडे. कायसेडोचे गोलही तिच्याइतकेच, चार. नेरुळ स्टेशनवर परतताना कोलंबियाचे पिवळे टीशर्ट घातलेली कॉलेजची पोरं ढोल वाजवत होती. कोलंबिया हरली होती, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

त्यानंतर या पोरी भराभर मोठ्या झाल्या. कायसेडो रेयाल माद्रिदला गेली. विकी लोपेझला 2025 मध्ये महिलांसाठी पहिल्यांदाच दिलेली कोपा ट्रॉफी मिळाली, जगातली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून. स्पेनच्या थोरल्या संघाने 2023 चा विश्वचषकही जिंकला.

पण मला लक्षात आहे ती 2023 च्या ऑगस्टमधली एक दुपार. मी ऑफिसात, भाची गोव्यात शाळेतून नुकतीच घरी आलेली. मेलबर्नला महिला विश्वचषकात कोलंबिया आणि जमैका खेळत होते. जमैकाने त्या स्पर्धेत तोवर एकही गोल खाल्लेला नव्हता. 51 व्या मिनिटाला एक लांबलचक पास सगळा बचाव ओलांडून कातालीना ऊस्मेकडे पोचला, तिने तो पायाने थांबवला आणि जाळ्यात मारला. कोलंबिया क्वार्टरफायनलमध्ये. माझा फोन वाजला.

"आत्या, बघितलंस?"

"ऊस्मेने काय मारला गं!"

"ऊस्मे सोड. पास कोणी दिला बघ. गुझमान! नेरुळची!"

मग तिने फोनवरच मला सबंध मूव्ह पुन्हा सांगितली, बॅकने डोकं वर करून पलीकडे कसं बघितलं इथपासून. मीटिंगला दहा मिनिटं उशिरा गेले.