आमची वाटचाल: जाकीट चढवलं आणि फसलो

रबाळे एमआयडीसीत आमची छोटी शेड आहे. सुरुवात दुधाच्या टाक्यांपासून झाली. 304 स्टेनलेस स्टीलचा पत्रा, आर्गॉन वेल्डिंग आणि वरून ग्लासवूलचं, म्हणजे काचेच्या लोकरीचं, उष्णता धरून ठेवणारं जाकीट. आतला माल तासन्‌तास तापमान सोडत नाही, हीच आमची फुशारकी.

पुढे एका मायक्रोब्रूअरीने, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याने, चाचणीच्या घाण्यांसाठी 50 लिटरची उकळायची टाकी मागितली. आम्ही दुधाच्याच सवयीने तिलाही जाकीट चढवलं. महिनाभरात तिथल्या पोराचा फोन. “काका, शेवटी टाकलेल्या हॉप्सचा वासच येत नाही, नुसती कडू होतेय.” हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं.

तुझ्या मापात गडबड असेल, असं मी ऐकवलं. तरी गेलो. आच बंद करून, हॉप्स टाकून, झाकण लावून चाळीस मिनिटं झाली होती आणि तापमानाचा काटा 92 अंशांवर!

मग त्यानेच समजावलं. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळत्या वॉर्टमध्ये, म्हणजे बिअर होण्याआधीच्या धान्याच्या गोड पाण्यात, हळूहळू रूप बदलतात, तेव्हा कडूपणा उतरतो. त्यासाठीचे हॉप्स काढ्यासारखे तासभर उकळायचे. वासाची तेलं मात्र वाफेबरोबर उडतात, म्हणून चवीचे हॉप्स शेवटच्या 15-20 मिनिटांत आणि वासाचे आच बंद केल्यावर. पण बटण दाबलं म्हणून कडूपणा थांबत नाही. वॉर्ट 80 अंशांच्या खाली गेलं की कुठे तो वेग मंदावतो. आमच्या जाकिटाने ते खाली जाऊच दिलं नव्हतं.

टाकी परत आणली, जाकीट सोललं. पदरमोड करून पंप आणि प्लेट चिलर (गार पाण्याने वॉर्टचं तापमान उतरवणारं यंत्र) बसवला, परतीचा पाइप तिरका जोडला. वॉर्ट भोवऱ्यासारखं फिरतं, गाळ मधोमध बसतो. आता पोरगा आधी 80 वर आणतो, मग हॉप्स टाकतो, वीस मिनिटं थांबतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच कोमट असतं. 80 पर्यंत उतरवायला ते पुरतं. यीस्ट टाकण्याजोगं गार करायला मात्र चिल्ड वॉटरच लागतं.

घरी बिअर करायला 20 लिटरची टाकी द्याल का, असे फोन फार येतात. आम्ही परवाना विचारतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याने तो लागतोच. बहुतेक जण तिथेच फोन ठेवतात.

सोललेलं जाकीट फेकलं नाही. त्याच ब्रूअरीत गरम पाण्याच्या टाकीवर चढवलंय. तिथे तापमान सोडत नाही याचं कौतुक होतं.