छातीतच सुई का?

"छातीमा नको ना डॉक्टर, पायमा टोचा!" बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट, घेऊन येणारे बरेच जण गुंगीचं इंजेक्शन देताना हेच म्हणतात. त्यांची भीती मला कळते. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव आणि त्याच्या छातीत सुई. म्हणून हे लिहितोय.

आमच्या अमळनेरकडे दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्याच जास्त. पक्ष्याचं शरीर त्यांच्याहून वेगळं. त्याच्या पायांकडून वर येणारं रक्त हृदयाकडे जाताना वाटेत मूत्रपिंडात शिरू शकतं. तिथे एक झडप असते. ती कधी रक्त सरळ पुढे सोडते, कधी मूत्रपिंडाकडे वळवते. म्हणजे पायात दिलेल्या औषधाचा काही भाग अंगभर पोचण्याआधीच बाहेर पडू शकतो. दरवेळी तसं होईलच असं नाही, आणि मला त्या बेभरवशाचीच धास्ती वाटते. गुंगी उथळ राहिली म्हणून पुन्हा केटामाइन, म्हणजे गुंगीचं औषध, भरावं, तर एवढ्याशा जिवाला ते जड जातं.

छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही अंगांना उडण्याचे स्नायू असतात. पक्ष्याच्या अंगावर सगळ्यात जास्त मांस तिथेच. सुई त्या मांसातच राहते, हृदय त्या हाडाच्या आत असतं.

तरी आधी बोटाने चाचपल्याशिवाय मी टोचत नाही. नुसत्या दाण्यांवर पोसलेल्या लठ्ठ बजीच्या छातीवर पुष्कळदा चरबीची गाठ असते. चरबीत रक्त कमी, औषध सावकाश भिनतं. खूप दिवस आजारी असलेल्याचं मांस झडलेलं असतं, हाड बोटाला लागतं. मग जागाही विचार करून निवडावी लागते आणि मात्राही. पिसं बाजूला करायला स्पिरिट अगदी बेताने लावायचं, कारण पक्ष्याचं अंग असतं ४०-४१ अंशांचं. ओला झाला की भर मे महिन्यातही, पंख्याखाली, तो गारठतो.

धरताना छाती आवळू नका, ही कळकळीची विनंती. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो.

मोठ्या शस्त्रक्रियेला मास्कमधून आयसोफ्लुरेन हे हुंगवायचं गुंगीचं औषध देणं सगळ्यात चांगलं. ती सोय जिथे आहे तिथे मी पाठवतो. नुसतं शांत करायचं असेल तर मिडाझोलामचे थेंब नाकपुडीत सोडूनही भागतं, सुई लागतच नाही.

आणि आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून आणू नका. एवढ्या लहान पक्ष्याची साखर लवकर उतरते. किती वेळ दाणे बंद ठेवायचे ते फोनवर विचारा. पिंजऱ्याच्या तळाचा कागदही बदलू नका, मला विष्ठा बघायची असते.