शून्य निळे मणी: नमुन्यावरून प्रमाण काढण्याच्या प्रयोगाची तिसरी नोंद

नमुन्यावरून समष्टीतील, म्हणजे संपूर्ण समूहातील, प्रमाणाचा अंदाज बांधण्याचे नेहमीचे सूत्र स्वतःच्या हाताने तपासून पाहीन, असे मागील नोंदीत लिहिले होते. त्यासाठी एका डब्यात ५०० मणी घेतले, त्यांपैकी ५० निळे आणि ४५० पांढरे. म्हणजे निळ्यांचे खरे प्रमाण ०.१० आहे, हे मला आधीच ठाऊक आहे. एरवी हा आकडा ठाऊक नसतो म्हणूनच नमुना घ्यावा लागतो, परंतु सूत्राचीच परीक्षा घ्यायची असेल तर उत्तर हाताशी असलेले बरे. एका फेरीत एकेक करून २० मणी काढायचे, रंग टिपून प्रत्येक मणी परत डब्यात टाकायचा, आणि फेरी संपल्यावर ९५ टक्क्यांचे विश्वास-अंतराल (दर शंभरपैकी सुमारे ९५ फेऱ्यांत खरे प्रमाण ज्यांच्या दरम्यान सापडावे अशी दोन टोके) काढून त्यात ०.१० सापडते का, हे वहीत लिहायचे, असा क्रम ठरवला.

पहिल्या बारा फेऱ्या मला रद्द कराव्या लागल्या, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा होता. परत टाकलेला मणी वरच्या थरात राहत होता आणि पुढच्या खेपेला हातही वरच्या थरातच जात होता, त्यामुळे तोच मणी पुन्हापुन्हा हाती लागण्याची शक्यता वाढत होती. प्रत्येक मण्याला निवडले जाण्याची समान संधी हवी आणि एका निवडीचा दुसरीवर परिणाम होता कामा नये, या दोन्ही अटी तिथे मोडल्या होत्या. अशा नमुन्यावर कितीही चांगले सूत्र लावले तरी उपयोग नाही, कारण सूत्र यादृच्छिक चढउतार मोजते, निवडीतला कल मोजत नाही. आता प्रत्येक मण्यानंतर डब्याला झाकण लावून तो उलटासुलटा हलवतो. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

नव्याने केलेल्या ४० फेऱ्यांपैकी ६ फेऱ्यांत एकही निळा मणी आला नाही आणि या नोंदीचा खरा विषय तिथे सुरू झाला. नेहमीचे सूत्र असे: नमुन्यातील प्रमाण घ्यावे, ते एकमधून वजा करून आलेल्या संख्येने त्याला गुणावे, गुणाकाराला नमुन्याच्या आकाराने भागावे आणि वर्गमूळ काढावे, ही झाली प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक उत्तर साधारण किती वरखाली होते याचे माप. तिची १.९६ पट (९५ टक्क्यांसाठी हाच गुणक वापरतात) नमुन्यातील प्रमाणात मिळवली आणि त्यातून वजा केली की अंतरालाची दोन टोके मिळतात. पण नमुन्यातील प्रमाणच शून्य असेल तर प्रमाण त्रुटीही शून्य होते आणि अंतराल शून्यापासून शून्यापर्यंतचे निघते. केवळ वीस मणी पाहून डब्यात निळा मणी मुळीच नाही, असे ते ठामपणे सांगते! हा दुर्मीळ अपघातही नव्हे, कारण ०.९ चा विसावा घात ०.१२१६ येतो, म्हणजे साधारण दर आठव्या फेरीत हे घडणारच.

यानंतर मणी बाजूला ठेवून द्विपद वितरणावरून, म्हणजे वीस मण्यांत अमुक इतके निळे येण्याची संभाव्यता देणाऱ्या सूत्रावरून, नेमकी आकडेमोड केली. वीस मण्यांत निळ्यांची संख्या ० ते २० अशी एकवीसच प्रकारची येऊ शकते, म्हणून प्रत्येक संख्येचे अंतराल काढून त्यात ०.१० बसते का, हे पाहणे एका संध्याकाळचे काम आहे. निळे मणी १ ते ६ असतील तर ०.१० अंतरालात सापडते (६ ला जेमतेम, कारण खालचे टोक ०.०९९२ येते), ० असेल किंवा ७ च्या वर गेले तर सापडत नाही, आणि ७ देखील बाहेरच राहतो. सापडणाऱ्या संख्यांच्या संभाव्यतांची बेरीज ०.८७६ होते. ज्या अंतरालावर आपण ९५ टक्के असे लिहितो, त्याची खरी व्याप्ती, म्हणजे खरे प्रमाण त्यात सापडण्याची संभाव्यता, इथे ८७.६ टक्केच आहे. संगणकावर दहा हजार फेऱ्याही चालवल्या, पण ती निव्वळ हौस. नेमके उत्तर हाती असताना त्यांची गरज नव्हती.

नमुना मोठा केला की प्रश्न सुटेल, अशी माझी समजूत होती. लॉरेन्स ब्राउन, टोनी काय आणि अनिर्बन दासगुप्ता या संख्याशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दिलेले एक उदाहरण तपासताना ती सुटली. खरे प्रमाण ०.२० असताना नमुना ३० चा घेतला तर व्याप्ती ०.९४६ येते, आणि ९८ चा घेतला तर ती घसरून ०.९२८ होते. प्रथम मला माझीच चूक वाटली, म्हणून ९८ ची आकडेमोड पुन्हा केली. ९८ पैकी १३ आले तर अंतरालाचे वरचे टोक ०.१९९८ येते, म्हणजे ०.२० केसभराने निसटते आणि १३ ची सगळी संभाव्यता हातची जाते. मोजणी पूर्णांकांतच होत असल्यामुळे व्याप्ती नमुन्याबरोबर सरळ चढत नाही, दातेरी रेषेसारखी वरखाली होत जाते.

उपाय एडविन विल्सन यांनी १९२७ मध्येच सांगून ठेवला होता, आणि त्यातली कल्पना मला सूत्रापेक्षाही अधिक आवडली. प्रमाण त्रुटी नमुन्यातील प्रमाणावरून काढू नये. प्रत्येक संभाव्य खऱ्या प्रमाणासाठी त्याच्या स्वतःच्या प्रमाण त्रुटीने तपासावे की आपला नमुना त्यापासून १.९६ पटींच्या आत आहे का, आणि जी प्रमाणे या कसोटीला उतरतील त्यांचेच अंतराल मानावे. शून्य निळ्या मण्यांसाठी हे अंतराल ० ते ०.१६१ येते, जे वीस मण्यांच्या पुराव्याला शोभते. माझ्या डब्यासाठी आता ० ते ४ या संख्या आत राहतात, ५ पासून पुढच्या बाहेर जातात, आणि व्याप्ती ०.९५७ होते. क्लॉपर आणि पिअर्सन यांची १९३४ ची पद्धतही करून पाहिली; तिची व्याप्ती ९५ टक्क्यांखाली कधीच जात नाही, परंतु इथे ती ०.९८९ येते आणि त्याची किंमत रुंद अंतरालाच्या रूपाने मोजावी लागते. डोक्यात करण्याजोगी युक्ती अ‍ॅग्रेस्टी आणि कूल यांची, १९९८ ची: नमुन्यात दोन निळे आणि दोन पांढरे मणी काल्पनिक म्हणून मिळवावेत आणि मग नेहमीचेच सूत्र लावावे. वीसचे चोवीस होतात, आणि माझ्या डब्यासाठी व्याप्ती विल्सन यांच्याइतकीच निघते. चार खोट्या मण्यांनी एवढा फरक पडावा, याचे मला अजून नवल वाटते.

वहीतील चाळीसही फेऱ्यांची अंतराले आता विल्सन यांच्या पद्धतीने पुन्हा काढली आहेत. पुढच्या खेपेला मणी परत न टाकता एकदम १०० काढणार आहे. तेव्हा समष्टीचा पाचवा हिस्सा हातात असेल, म्हणून प्रमाण त्रुटीला ४०० भागिले ४९९ याच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.८९५ ने गुणावे लागेल, आणि द्विपद वितरणाच्या जागी अतिगुणोत्तरी वितरण, म्हणजे मणी परत न टाकता काढण्यासाठीचे वितरण, येईल. त्याचे कोष्टक अर्धे तयार आहे.