अळवावरचे पाणी, जरा जवळून

पाणी न टिकण्याविषयी मराठीत दोन वाक्प्रचार प्रसिद्ध आहेत, पालथ्या घड्यावरचे पाणी आणि अळवावरचे पाणी. पहिला आपण उपदेश वाया गेल्यावर वापरतो, दुसरा आयुष्य किंवा वैभव क्षणभंगुर असल्याचे सांगताना. मला मात्र पहिल्यात घड्यावर थोडा अन्याय झाल्यासारखा वाटतो. मातीचा घडा पालथा असला तरी वरून ओतलेल्या पाण्याने भिजतो आणि चार थेंब शोषूनही घेतो. खरा कोरडेपणा पाहायचा असेल, तर तो अळूच्या पानापाशीच पाहावा.

पानावरचा थेंब डोळे अगदी जवळ नेऊन पाहिला, तर तो पसरलेला नसून जवळजवळ पूर्ण गोल असतो आणि त्याचा तळ चांदीचा वर्ख लावल्यासारखा चमकतो. ती चमक पानाची नव्हे आणि पाण्याचीही नव्हे. थेंबाखाली अडकलेल्या हवेच्या पातळ थरावरून परतलेल्या प्रकाशाची ती चमक असते. अळू काय किंवा कमळ काय, त्यांच्या पानांवर साध्या डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहून बारीक कण असतात. थेंब त्या टोकांवरच टेकतो, बाकी सगळी हवाच. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते तो 150 अंशांच्या वर गेला आणि पृष्ठभाग थोडासा कलताच थेंब घरंगळू लागला, म्हणजे तो पृष्ठभाग अतिजलरोधी ठरतो. हवेवर तरंगणाऱ्या थेंबाचे गणित कॅसी आणि बॅक्स्टर यांनी 1944 मध्येच मांडले होते. घरंगळणारा थेंब धूळही सोबत घेऊन जातो आणि पान स्वच्छ राहते, हे बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये सविस्तर दाखवले, पण तेव्हा त्यांनी मान कमळाला दिला. अळू बिचारे वाक्प्रचारातच राहिले.

टेकलेल्या थेंबापेक्षा पडणारा थेंब अधिक पाहण्यासारखा असतो. मी एक पान पाटावर सपाट ठेवले, ड्रॉपरने चार बोटे उंचीवरून थेंब सोडला आणि सेकंदाला 240 चौकटी टिपणाऱ्या फोनने त्याचे चित्रण केले. नुसत्या डोळ्यांना त्यात एक टुणकन उडी दिसते. चौकटी एकेक करून सरकवल्या, तेव्हा दिसले की थेंब आधी चपटा होऊन चकतीसारखा पसरतो, चकतीच्या कडेला जाड काठ येतो, क्षणभर सगळे थबकते आणि मग पाणी जणू काही विसरल्याची आठवण झाल्यासारखे मध्याकडे धावत परत येते. तिथे त्याचा खांब उभा राहतो आणि खांबाचा तळ पानापासून सुटतो. पहिल्या स्पर्शापासून सुटकेपर्यंत सात-आठ चौकटी, म्हणजे सेकंदाचा सुमारे तिसावा भाग. वीतभर उंचीवरून सोडलेल्या थेंबाची चकती मात्र कडेला फाटली आणि तिच्यातून पिल्ले उडाली.

नवल पुढेच आहे. दोन बोटांवरून सोडा की चार बोटांवरून, चौकटी जवळजवळ तेवढ्याच भरतात. रिशार, क्लाने आणि केरे या फ्रेंच संशोधकांनी 2002 मध्ये हेच मोजून दाखवले: स्पर्शाचा काळ थेंबाच्या वेगावर अवलंबून नसतो, आकारावर असतो. जोरात आलेला थेंब अधिक पसरतो, पण तितक्याच जोराने परततो. लहान झोका घ्या की मोठा, झोपाळ्याला एका फेरीला लागणारा वेळ जवळपास सारखाच राहतो, तसे हे आहे. एक मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबाला त्यासाठी सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो आणि त्रिज्या दुप्पट केली की काळ जवळजवळ तिप्पट होतो.

एवढासा काळ कोणाला जास्त वाटेल, असे आपल्याला वाटते. पण अतिथंड, म्हणजे शून्य अंशाखाली जाऊनही द्रवच राहिलेल्या, थेंबाला विमानाच्या पंखावर गोठायला तेवढा वेळही पुरू शकतो. म्हणून 2013 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जलरोधी पृष्ठभागावर बारीक कंगोरे उठवले. कंगोऱ्यावर पडलेला थेंब मधोमध दुभंगतो आणि दोन तुकडे झाल्याने लवकर उडतो. स्पर्शाचा काळ सुमारे 37 टक्क्यांनी घटला. फुलपाखरांच्या पंखांवरच्या शिरा हेच काम करतात, हेही तेव्हाच लक्षात आले.

पिकावर फवारणी करणाऱ्याला मात्र हे सारे कौतुक नकोसे असते. पानावरून औषधाचे थेंब उडून मातीत जातात, म्हणून तो द्रावणात स्टिकर, म्हणजे थेंब पानावर पसरवून चिकटवणारे रसायन, मिसळतो. पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की थेंबाला पुन्हा गोल होण्याची ओढ राहत नाही. साबणाचे पाणी आणि तेल पानाला सहज भिजवतात, ते याच कारणाने.

शेवटी मी त्याच पानाचा एक कोपरा अंगठ्याने दोनदा चोळला. रंगात फरक पडला नाही, पण तिथले मेण गेले असावे. पुढचा थेंब त्या जागी पडला, पसरला आणि उठलाच नाही. त्याच्यातली चांदी गेली होती आणि त्याच्यातून पानाची हिरवी शीर स्वच्छ दिसत होती. पाट तिरका केला तेव्हा बाजूचे सगळे थेंब त्याला वळसा घालून भराभर निघून गेले आणि हा मात्र तिथेच चिकटून राहिला.