तुम्ही विचारलंत म्हणून : चक्कर नाही, तर काठी कशाला?

बडोद्यातल्या सुरसागर तलावाच्या काठाने संध्याकाळी चालत असले, की ओळखीचे कोणी ना कोणी काठीकडे पाहून विचारतेच, "काकू, चक्कर आता कशी आहे?" मला चक्कर येत नाही, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग ही काठी कशाला?

चक्कर न येणे हाच माझा आजार आहे. काही वर्षांपूर्वी एका गंभीर जंतुसंसर्गासाठी मला जेंटामायसिनची इंजेक्शने द्यावी लागली. संसर्ग गेला, पण दोन्ही अंतर्कर्णांतल्या, डोक्याची हालचाल टिपणाऱ्या नाजूक पेशीही गेल्या, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ऐकू मात्र पूर्वीसारखेच येत असल्यामुळे दोष कानात आहे, हे ध्यानात यायलाच बराच काळ गेला. शेवटी कानांत आधी ३० आणि मग ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडून तपासणी झाली. ज्या रॉबर्ट बारानी यांनी ही परीक्षा रूढ केली, त्यांना अंतर्कर्णाच्या तोलावरील कामासाठी १९१४ चे नोबेल मिळाले. या परीक्षेत निरोगी माणसाला गरगरते आणि त्याची बुबुळे हिसके देतात. माझी दोन्ही बाजूंना जागची हलली नाहीत. एकच कान बिघडला असता, तर दोघांच्या साक्षी जुळल्या नसत्या आणि घेरी आली असती. माझे दोन्ही कान सारखेच गप्प आहेत.

डोके हलले की बुबुळे तत्क्षणी उलट दिशेला वळतात, म्हणून चालतानाही जग स्थिर दिसते. माझी ही सोय गेल्यामुळे मांडवीकडे जाताना दुकानांच्या पाट्या पावलागणिक थरथरतात, आणि पाटी वाचायची तर थांबावे लागते. माणसांचे चेहरेही तसेच थरथरतात, त्यामुळे समोरून हसत आलेल्या कित्येकींना मी न ओळखता ओलांडले आहे आणि दांडिया बाजारात थोडी गर्विष्ठ म्हणून नावाजले गेले आहे. (तेवढे एक मात्र या आजाराआधीही कोणी कोणी म्हणत असे.)

आता तोल सांभाळतात डोळे आणि तळपाय. म्हणून कमाटी बागेतली मऊ हिरवळ मला पक्क्या रस्त्याहून अवघड जाते, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की एक हात भिंतीवर ठेवावा लागतो, आणि जिन्यात दिवे गेले तर आहे त्या पायरीवर बसून राहण्यावाचून इलाज नसतो. काठीवर मी भार टाकत नाही. तिचे टोक जमिनीला नुसते टेकलेले असले, तरी जमीन कुठे आहे ते हाताला कळत राहते. तिचे काम तेवढेच.

परवा नातवाने मला त्याच्या बाबांच्या फिरत्या खुर्चीवर बसवून, डोळे मिटायला लावून दहा गिरक्या दिल्या. थांबल्यावर मला काहीच झाले नाही. मग तो स्वतः बसला, फिरला, आणि उठताच लडखडत, खिदळत पलंगावर कोसळला. मला त्याचा अगदी मनापासून हेवा वाटला.